जळू न दिलेली त्वचा : वण आणि सुरकुत्यांवरील लेसर उपचाराची वाटचाल

मानवी त्वचेला स्वतःची डागडुजी करता येते. परंतु ही क्षमता जखमेच्या खोलीनुसार बदलते आणि चेहऱ्यावरचे वण व सुरकुत्या घालवण्यासाठी आजवर झालेले सारे प्रयत्न या एका मर्यादेशी झुंजत आले आहेत. सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. चेहऱ्यावर तिची जाडी साधारणपणे एक दशांश मिलिमीटर असते, तिच्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात आणि केवळ तिच्यापुरती झालेली जखम मागे खूण न ठेवता भरून येते. तिच्या खालची अंतस्त्वचा कोलाजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंनी विणलेली असते; तिच्या खालच्या भागापर्यंत इजा पोहोचली की शरीर मूळची वीण पुन्हा घालू शकत नाही, घाईने घातलेल्या तंतूंचे ठिगळ लावते, आणि त्यालाच वण म्हणतात. जुना, खराब झालेला पृष्ठभाग काढून टाकून त्याजागी नवी त्वचा येऊ देणे हे ज्या उपचाराचे तत्त्व, त्या लेसर रिसरफेसिंगला या दोन खोल्यांमधल्या अरुंद पट्ट्यातच काम करावे लागते. त्याहून वर थांबले तर फरक पडत नाही आणि त्याहून खाली गेले तर एका वणाच्या जागी दुसरा वण उमटतो.

ही कल्पना लेसरपेक्षा बरीच जुनी आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ अर्न्स्ट क्रोमायर यांनी १९०५ मध्ये मोटारीवर फिरणारी हत्यारे वापरून त्वचेचे वरचे थर खरवडण्याची पद्धत मांडली. १९४७ मध्ये प्रेस्टन आयव्हर्सन यांनी अपघातात त्वचेत रुतलेले रंगकण काढण्यासाठी सँडपेपर वापरल्याची नोंद केली. आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲबनर कर्टिन यांनी त्वचा फवाऱ्याने गोठवून तिच्यावर तारेचा फिरता ब्रश चालवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. डर्माब्रेजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीबरोबरच फिनॉलसारख्या दाहक रसायनांनी त्वचेची साल काढण्याचाही प्रघात होता. ज्या काळात मुरमांवर परिणामकारक औषधे नव्हती आणि देवीच्या साथींतून वाचलेल्यांचे चेहरे आयुष्यभरासाठी वणांनी भरून जात, त्या काळात या उपचारांची गरज खरी होती. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला, तरी तसे वण असलेली पिढी पुढे अनेक दशके समाजात वावरत होती. परंतु ब्रशखाली रक्त वाहू लागले की नेमके किती खोल गेलो हे दिसेनासे होई, आणि परिणाम यंत्रावर नव्हे तर करणाऱ्याच्या हातावर अवलंबून राही. रक्त न सांडता, मोजून ठरवलेल्या खोलीपर्यंतच थर उतरवणारे साधन वैद्यकाला हवे होते.

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे, ह्यूजेस कंपनीच्या प्रयोगशाळेत, माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण मिळवला, तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेने जाणारा आणि अत्यंत लहान ठिपक्यावर एकवटता येणारा प्रकाश. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी पुढच्या काही वर्षांतच तो मानवी त्वचेवर वापरून पाहिला आणि १९६३ पासून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. गडद रंगाचा भाग किरण अधिक शोषतो आणि फिका भाग त्यामानाने सुखरूप राहतो, हे त्यांनी नोंदवले. त्वचेवर लेसर काय करतो हे त्वचेतल्या कोणत्या घटकाने तो शोषला यावर ठरते, ही या शास्त्राची पहिली महत्त्वाची समज त्यांच्याकडून आली.

मात्र वण आणि सुरकुत्यांच्या उपचारासाठी जो लेसर पुढे मुख्य ठरला, त्याचा जन्म न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत झाला, आणि त्याचा जनक महाराष्ट्रात जन्मला होता. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि डॉक्टरेट मिळवून १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तोवरचे बहुतेक वायू-लेसर अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांवर चालत. पटेल यांनी रेणूंच्या कंपनांकडे लक्ष वळवले आणि १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. शुद्ध वायूपासून मिळणारी शक्ती सुरुवातीला नगण्य होती. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर चित्र पालटले, कारण विद्युत्प्रवाहाने कंप पावू लागलेल्या नायट्रोजनच्या रेणूची ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या नेमक्या हव्या त्या पातळीच्या अगदी जवळ असते आणि दोन रेणूंची टक्कर होताच ती सहज हस्तांतरित होते. या योगायोगाचा अचूक उपयोग केल्यामुळे, पुरवलेल्या विजेचा लक्षणीय हिस्सा प्रकाशात रूपांतरित करणारा आणि सतत चालू राहणारा शक्तिशाली लेसर हाती आला. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. पोलाद कापण्यापासून घशाच्या शस्त्रक्रियेपर्यंत पसरलेल्या या शोधाचे महाराष्ट्राशी असलेले नाते मराठी वाचकांना अजून पुरेसे परिचित नाही, ही खेदाची बाब आहे.

या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या दूरच्या अवरक्त पट्ट्यातली. म्हणून किरण कुठे पडणार हे दाखवण्यासाठी त्याच्याबरोबर दिसणारा तांबडा मार्गदर्शक किरण सोडावा लागतो. ही तरंगलांबी पाणी फार जोराने शोषते. त्वचेच्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असल्याने या किरणाची जवळपास सगळी ऊर्जा वरच्या २० ते ३० मायक्रोमीटरमध्येच खर्च होते, आणि हजार मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटर हे लक्षात घेतले तर हा थर किती पातळ, याची कल्पना येते. शिवाय लहान रक्तवाहिन्या उष्णतेने जागच्या जागी बंद होतात, त्यामुळे रक्तस्राव जवळपास होत नाही. कागदावर तरी डर्माब्रेजनच्या दोन्ही दोषांवरचे उत्तर सापडले होते. प्रत्यक्षात १९७० आणि १९८० च्या दशकांत जी यंत्रे उपलब्ध होती, त्यांतून किरण अखंड धारेने बाहेर पडत असे. चामखिळी काढण्यासाठी, जाड झालेल्या नाकाला आकार देण्यासाठी किंवा ओठावरील कर्कपूर्व चट्ट्यांसाठी ती उपयोगी पडली. पण संपूर्ण चेहऱ्यावर ती चालवणे धोक्याचे होते. पहिल्या क्षणी वरचा थर वाफ होऊन उडाला, तरी किरण त्याच जागी रेंगाळत राही, उरलेली कोरडी पेशीजाले कोळशासारखी तापत आणि ती उष्णता खाली झिरपून २०० ते ६०० मायक्रोमीटरपर्यंतची जिवंत त्वचा भाजून काढी. किरण जिथे पोहोचतच नव्हता तिथे त्याची उष्णता पोहोचत होती, आणि वण पडत होते ते तिच्यामुळे.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग यंत्र बनवणाऱ्यांआधी एका सैद्धांतिक निबंधाने दाखवला. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सिलेक्टिव्ह फोटोथर्मोलिसिसचा सिद्धांत मांडला. निवडलेल्या लक्ष्यापुरती प्रकाशाने उष्णता निर्माण करून फक्त तेच नष्ट करणे, असा त्याचा आशय होता. प्रत्येक वस्तू तापल्यानंतर आपली उष्णता आजूबाजूला सोडू लागते आणि त्यासाठी तिला तिच्या आकारानुसार ठरावीक अवधी लागतो; वस्तू जितकी लहान तितका हा अवधी कमी, आणि तो आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. या अवधीपेक्षा कमी वेळात सगळी ऊर्जा देऊन किरण थांबवला, तर लक्ष्य जळते आणि शेजारी वाचतो. जन्मखुणांमधील रक्तवाहिन्या, गोंदणातील रंगकण, त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य, या सर्वांचे हिशेब या एका नियमाने मांडता येऊ लागले. तोवर लेसर वापरणारे तरंगलांबी आणि शक्ती या दोनच गोष्टींचा विचार करत. वेळ ही तिसरी आणि निर्णायक राशी आहे हे या निबंधाने दाखवून दिले. त्वचेच्या लेसरशास्त्रातील हा सर्वांत मोलाचा टप्पा मानायला हवा, कारण पुढच्या दोन दशकांतील जवळजवळ प्रत्येक यंत्र या हिशेबावर बेतलेले आहे.

पाण्याने भरलेल्या २० ते ३० मायक्रोमीटरच्या थराला हाच नियम लावला की उत्तर येते ते सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ ज्यूल ऊर्जा दिली, तर वरचा थर वाफ होऊन निघून जातो आणि उष्णतेला खाली झिरपायला सवडच मिळत नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही अट दोन मार्गांनी पूर्ण झाली. कोहीरंट कंपनीच्या अल्ट्रापल्स यंत्राने एक मिलिसेकंदाहून कमी अवधीच्या एकेका स्पंदात ५०० मिलिज्यूलपर्यंत ऊर्जा भरली. शार्पलान कंपनीच्या सिल्कटच यंत्राने अखंड किरणच ठेवला, परंतु फिरत्या आरशांच्या साहाय्याने तो इतक्या वेगाने सरकवला की कोणत्याही एका बिंदूवर तो मिलिसेकंदापेक्षा जास्त थांबत नसे. सॅन दिएगो परिसरातील रिचर्ड फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या चेहऱ्यांवर या स्पंदित लेसरचे परिणाम तपासून १९९६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मुरमांच्या वणांवरील अहवालही त्याच सुमारास येऊ लागले.

या काळातील उपचाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. किरणाचा पहिला फेरा फिरला की बाह्यत्वचा पांढरट भुकटीसारखी होऊन सुटे. ती मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून काढली की खाली गुलाबी अंतस्त्वचा दिसे. दुसऱ्या फेऱ्यात त्वचा डोळ्यांदेखत आकसत असे, कारण सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला कोलाजेनचे तंतू आखडतात, आणि सुरकुती उलगडण्यात या आकसण्याचा वाटा थर निघण्याइतकाच होता. रंग राखाडी झाला की सावध व्हायचे आणि कमावलेल्या चामड्यासारखी पिवळसर छटा दिसली की थांबायचे, अशी खूण शल्यविशारदांनी ठरवून घेतली होती. नंतरचे काम शरीराचे: केसांच्या मुळांत आणि तेलग्रंथींच्या नलिकांत शिल्लक राहिलेल्या पेशी वर सरकून सात ते दहा दिवसांत नवी बाह्यत्वचा घालत, आणि खाली नवे कोलाजेन पुढचे अनेक महिने तयार होत राही. चेहऱ्यावर अशी मुळे दाटीने असतात, मानेवर ती विरळ असतात. म्हणून चेहऱ्याला सोसलेला उपचार मानेवर केला तेव्हा वण पडले, आणि हा धडा रुग्णांच्या त्वचेवर शिकला गेला.

परिणाम खरोखरच लक्षणीय होते. खोल सुरकुत्या आणि मुरमांचे पसरट खड्डे इतके कमी करणारा उपचार त्याआधी नव्हता, आणि दशकाच्या मध्यावर अमेरिकेत त्याची लाट आली. पण तो अवघा चेहरा एकाच वेळी उघडी जखम करत होता. आठवडाभर पाझरणारी त्वचा, मलमपट्ट्या, नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणू उसळू नये म्हणून आधीपासून औषधे, आणि त्यानंतर तीन-चार महिने टिकणारी लाली, हा सामान्य क्रम होता. त्याहून क्लेशदायक गोष्ट उशिरा उघड झाली. सहा महिने ते वर्षभराने काही रुग्णांच्या चेहऱ्याचा रंग कायमचा फिका पडू लागला आणि उपचार केलेला भाग व जबड्याखालची मूळ त्वचा यांच्यात सीमारेषा दिसू लागली. काही अहवालांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांपर्यंत होते. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील छायाचित्रांवर विसंबून कीर्ती पसरली आणि तिची किंमत वर्षानंतर कळली.

सावळ्या त्वचेच्या बाबतीत ही किंमत आणखी मोठी होती. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी (वर उल्लेखिलेल्या रिचर्ड यांच्याहून हे वेगळे) १९७५ मध्ये, सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांची मात्रा ठरवता यावी म्हणून, उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावर आधारलेली श्रेणी तयार केली. ती मुळात गोऱ्या त्वचेसाठी होती; तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. बहुसंख्य भारतीयांची त्वचा या श्रेणीत चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेतील रंगपेशी कोणत्याही दाहाला जादा मेलॅनिन तयार करून उत्तर देतात, आणि जखम भरल्यावर मागे महिनोन्‌महिने टिकणारे काळपट डाग राहतात. संपूर्ण पृष्ठभाग काढणाऱ्या लेसरने गोऱ्या रुग्णांसह सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत असे डाग येत. सावळ्या त्वचेत ते अपवाद नसून नेम होते. जगातील बहुसंख्य माणसांची त्वचा ज्याला सोसत नाही, तो उपचार त्या वेळी सर्वोत्तम म्हणून गौरवला जात होता, कारण त्याची प्रारंभिक पारख मुख्यतः फिक्या त्वचेवर झाली होती. ही उणीव यंत्राची होती तितकीच अभ्यासपद्धतीचीही होती.

मधल्या काळात दोन दिशांनी सुधारणेचे प्रयत्न झाले. २.९४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा एर्बियम लेसर पाण्यात कार्बन डायऑक्साइड लेसरच्या दहापटीहून अधिक शोषला जातो, त्यामुळे तो अधिक पातळ थर अगदी थोड्या उष्णतेनिशी उतरवतो. जखम लवकर भरे, पण रक्त थांबत नसे आणि त्वचा तितकी आकसतही नसे. दुसऱ्या बाजूने, पृष्ठभाग थंड ठेवून केवळ खालची अंतस्त्वचा तापवणारे लेसर आले. ते सुरक्षित होते, परंतु त्यांचा परिणाम बेताचाच होता.

२००४ मध्ये डिटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग मांडला, त्यात प्रश्नच बदललेला होता. तोवर सर्वांचा विचार किती खोल जावे याचा होता. यांनी किती भाग अजिबात न शिवता सोडावा, हे विचारले. फ्रॅक्शनल, म्हणजे अंशतः केलेल्या, या उपचारात १५५० नॅनोमीटरचा किरण सुमारे एक दशांश मिलिमीटर रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे हजारो उभे स्तंभ तापवतो आणि प्रत्येक स्तंभाभोवती निरोगी त्वचेचा कोट शाबूत ठेवतो. भाताचे रोप जसे अंतर राखून लावतात, तशी ही इजा अंतर राखून पेरलेली असते. एका बैठकीत त्वचेचा साधारणपणे पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग बाधित होतो. प्रत्येक स्तंभाला चहूबाजूंनी जिवंत पेशी लागून असल्याने त्यांना फार दूरवर सरकावे लागत नाही, आणि बाह्यत्वचेची सलगता सुमारे एका दिवसात परत येते. मृत पेशींचे सूक्ष्म कण पुढच्या काही दिवसांत वर ढकलले जाऊन त्वचा तांबूस-तपकिरी होते आणि बारीक साल निघते. किरण जिथे जातो तिथे तो पूर्वीच्या उपचारांइतका किंवा त्याहूनही खोल जाऊ शकतो, कारण त्या खोलीचा धोका त्याच्या अरुंदपणाने आवरलेला असतो. एका मोठ्या जखमेऐवजी काही आठवड्यांच्या अंतराने चार-पाच बैठका, असा उपचाराचा आराखडाच बदलला.

२००७ पासून हीच मांडणी कार्बन डायऑक्साइड लेसरलाही लावण्यात आली. त्यात स्तंभ नुसते तापत नाहीत, त्यांची वाफ होऊन खरी छिद्रे पडतात, त्यामुळे परिणाम अधिक आणि विश्रांतीचे दिवसही थोडे अधिक लागतात. बारामतीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा हा लेसर या फेरफारानंतरच सावळ्या त्वचेसाठी व्यवहार्य झाला आणि आज महाराष्ट्रातील शहरांत त्वचारोगतज्ज्ञांकडे मुरमांच्या खड्ड्यांसाठी तो सर्रास वापरला जातो. धोका पूर्णपणे गेलेला नाही. भारतीय त्वचेवर काळे डाग अजूनही पडतात, आणि स्तंभांची दाटी वाढवली तर हा धोका विशेष वाढतो. म्हणून जाणते डॉक्टर दाटी कमी ठेवतात, बैठकांमध्ये अंतर अधिक सोडतात आणि उन्हापासून संरक्षणावर भर देतात. सर्व वण सारखे नसतात, हेही रुग्णाला आधी सांगितले जायला हवे. मुरमांचे उथळ, पसरट खड्डे लेसरला चांगला प्रतिसाद देतात. सुई टोचल्यासारखे अरुंद व खोल खड्डे फारसे भरत नाहीत आणि त्यांना तीव्र आम्लाचा थेंब किंवा लहानशी शस्त्रक्रिया लागते. खालून तंतूंनी ओढून धरलेले वण तर आधी ते तंतू सुईने सोडवल्याशिवाय वर येतच नाहीत. लेसर एकट्याने सारे काही करतो असे सांगणारी जाहिरात, मग ती कितीही चकचकीत दवाखान्याची असो, रुग्णाच्या पैशाशी आणि आशेशीही अप्रामाणिक असते.

सुरकुत्यांच्या बाजारपेठेसाठी विकसित झालेल्या या तंत्राचा सर्वांत गंभीर उपयोग मात्र दुसरीकडेच सापडला. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत स्फोटांनी व आगीने जखमी झालेले सैनिक अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत आले, तेव्हा त्यांच्या जाड, आकसलेल्या, खाजणाऱ्या वणांवर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर वापरून पाहण्यात आला. वणाच्या घट्ट तंतूंमध्ये पाडलेल्या छिद्रांमुळे तो मऊ पडू लागला आणि त्याच छिद्रांतून सूज व तंतुवाढ रोखणारी स्टिरॉइड औषधे थेट खोलवर पोहोचवता येऊ लागली. २०१४ मध्ये अँडरसन आणि इतर अनुभवी तज्ज्ञांनी एकत्र येऊन इजेमुळे आलेल्या वणांवरील या उपचाराविषयी सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले आणि एक ते तीन महिन्यांच्या अंतराने बैठकांची शिफारस केली.

भारतासाठी या निवेदनाचे महत्त्व कोणत्याही सौंदर्योपचारापेक्षा मोठे आहे. स्वयंपाकघरातील भाजण्याच्या घटना आणि ॲसिडहल्ले यांतून वाचलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यांचे वण चेहऱ्याबरोबरच मान, हनुवटी, काख आणि हातही जखडून ठेवतात. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खासगी रुग्णालयांनीही ॲसिडहल्ल्यातील पीडितांवर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांसह मोफत उपचार करावेत असा आदेश दिला. परंतु त्वचारोपण होऊन जखम भरली की उपचार संपला, अशी समजूत चालत नाही. वण आकसण्याची क्रिया त्यानंतरही महिनोन्‌महिने सुरू राहते आणि लेसरच्या बैठकांचे काम खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होते. सार्वजनिक रुग्णालयांच्या भाजलेल्या रुग्णांसाठीच्या विभागांत हे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित हात उपलब्ध असणे, ही म्हणून चैनीची मागणी ठरत नाही. अशा रुग्णांत परिणामाचे मोजमापही वेगळे असते: मान किती अंशांत वळते, तोंड किती उघडते, बोटांची मूठ मिटते का आणि रात्री खाज न सुटता झोप लागते का, हे प्रत्येक बैठकीनंतर पाहिले जाते, आणि पुढच्या बैठकीत किरणाची खोली व स्तंभांची दाटी किती ठेवायची हे त्यावरून ठरते.